लोखंडी नांगराचा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आधीच सांगून टाकते. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. मराठी हा माझ्यासाठी दहावीपर्यंत घासत घासत पास केलेला विषय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा हट्ट धरला, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो माणूस मला इंग्लिश पुस्तकात भेटला नाही. तो भेटला पैठणला, आमच्या आबांच्या गोठ्यामागे!

झालं असं की पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एक साधा प्रश्न विचारला. बैल एकसारख्या वेगानं नांगर ओढतायत, तर नांगराचं त्वरण किती? मी लगेच बलाला वस्तुमानानं भागायला निघाले. बल लावलंय म्हणजे त्वरण असणारच ना! सर काही बोलले नाहीत, फक्त हसले आणि पुढच्या रोल नंबरला बोलावलं. लेखी पेपरचाही असाच निकाल लागला आणि मला केटी लागली. बारावीपर्यंत कधी नापास न झालेल्या मुलीला पहिली केटी लागते तेव्हा काय होतं, ते आपल्या होस्टेलच्या अर्ध्या खोल्यांना माहीत आहे. मी बॅग भरली आणि पैठणला आजोळी गेले. परत यायचं नाही, असं मनात जवळजवळ ठरलं होतं.

पैठण म्हटलं की लोकांना नाथमहाराजांचा वाडा आठवतो, नाथषष्ठीची गर्दी आठवते, पैठणी आठवते, नाहीतर जायकवाडीचं धरण. आमच्या आबांची जुनी जमीन या धरणाच्या पाण्याखाली गेली. उठताना घरातलं जे जे बैलगाडीत घालता आलं ते घेऊन माणसं निघाली, आणि त्यात एक लोखंडी नांगर होता. माझ्या पणजोबांनी घेतलेला. आता बैल नाहीत, नांगरट ट्रॅक्टरनं होते, पण नांगर गोठ्यामागे भिंतीला टेकून उभा आहे. वरचा गंज हातानं पुसला की खाली ओतीव अक्षरं लागतात : किर्लोस्कर.

मला वाटायचं किर्लोस्कर म्हणजे पंप, इंजिन, मोठी कंपनी. आबा म्हणाले की आमच्या वडिलांच्या तोंडी किर्लोस्कर म्हणजे नांगरच. मग मी वाचायला लागले, आणि जो प्रश्न मला परीक्षेत सुटला नव्हता, तोच प्रश्न एका माणसानं आयुष्यभर सोडवला हे कळलं.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या आणि मुलाचा जीव मात्र यंत्रात आणि चित्रात! शाळेत त्याचं लक्ष लागत नसे. चित्रकार व्हायचं म्हणून 1885 मध्ये हा सोळा वर्षांचा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. वडिलांच्या मनात ते नव्हतं. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले म्हणून जमलं.

दोन वर्षं रंग कालवून झाल्यावर एक गोष्ट उघडकीला आली. लक्ष्मणला काही रंगांमधला फरकच दिसत नव्हता. अंशतः रंगांधळेपणा! चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून वाईट बातमी काय असेल? आपल्याकडे एक केटी लागली तर आपण दोन दिवस मेसला जात नाही. इथे तर सगळा रस्ताच बंद झाला होता.

पण रंग दिसत नसले तरी रेघ दिसत होती. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखांकन धरलं, म्हणजे आपण ज्याला मशीन ड्रॉइंग म्हणतो आणि ज्याच्या शीट्स आपण एकमेकांच्या काचेवर ठेवून उतरवतो, तेच. मुंबईत तेव्हा व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट नुकतीच सुरू झाली होती. आजचं व्हीजेटीआय. तिथे ते शिकले आणि पुढे तिथेच महिना पंचेचाळीस रुपयांवर सहायक शिक्षक झाले. शिकवून झालं की उरलेला वेळ वर्कशॉपमध्ये. कुठलं यंत्र कसं चालतं, कुठे अडतं, कुठे गरम होतं, हे हात काळे करून त्यांनी पाहिलं.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर एक नवीन चीज दिसायला लागली होती. सायकल! किर्लोस्कर बंधूंनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचा छोटासा धंदा सुरू केला. त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. गंमत म्हणजे त्याच 1888 मध्ये तिकडे बेलफास्टला डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. सायकल हे घर्षण समजून घ्यायला सगळ्यात छान यंत्र आहे. चाकाच्या आसाजवळ बेअरिंगमध्ये गोळ्या असतात, त्यांना तेल-ग्रीस दिलं की तिथलं घसटणं जाऊन लोळणं येतं आणि घर्षण अगदी कमी होतं. पण टायर आणि रस्ता यांच्यात मात्र घर्षण हवंच. ते नसेल तर चाक जागच्या जागी फिरेल आणि ब्रेक दाबून उपयोग नाही. म्हणजे एकाच चाकात मध्यभागी घर्षण नको आणि कडेला हवं! होस्टेलसमोरच्या चिखलात ज्यांची बाईक घसरली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मुंबईच्या नोकरीत मात्र लक्ष्मणरावांचं चाक रुतलं. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे परत आले.

आता करायचं काय? सायकली विकणं म्हणजे दुसऱ्याचा माल विकणं. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं, आणि आजूबाजूला गिऱ्हाईक होतं शेतकरी. पहिलं यंत्र बनवलं ते कडबा कापायचं. ज्यांनी गावाकडे हातानं फिरवायची कडबाकुट्टी पाहिली असेल त्यांना आठवेल, तिचं चाक भलतंच जड असतं. लहानपणी मला वाटायचं, एवढं जड कशाला केलंय, फिरवताना हात भरून येतात! मेकॅनिक्स दुसऱ्यांदा वाचताना त्याचं उत्तर मिळालं. वस्तुमान म्हणजे नुसतं ओझं नव्हे. जड चाक फिरायला लावणं अवघड, पण एकदा फिरायला लागलं की थांबवणंही तितकंच अवघड. पातं कडब्यात घुसतं तेव्हा क्षणभर मोठा विरोध होतो. हलकं चाक तिथेच थबकेल. जड चाक मात्र आपल्या गतीच्या जोरावर कडबा कापून पुढे निघून जातं. माणसाचा हात सावकाश जी ऊर्जा देतो ती चाक साठवून ठेवतं आणि नेमक्या वेळी खर्च करतं. आपण फ्लायव्हील म्हणून जे पाठ करतो ते हेच.

पण लक्ष्मणरावांचं नाव झालं ते नांगरामुळे.

इथे थोडं आमच्या मातीबद्दल सांगते. गोदाकाठची काळी माती पावसात तेलकट चिखल होते आणि उन्हाळ्यात दगड होते. त्यात हरळी आणि कुंद्याची मुळं खोल गेलेली असतात. ही जमीन नांगरायला पूर्वी लाकडाचा मोठा, जाड नांगर असायचा आणि खाली टोकाला तेवढा लोखंडी फाळ. हा नांगर माती पाचरीसारखी फाडतो, उलटी करत नाही. म्हणून तेच रान पुन्हा आडवं नांगरावं लागायचं. शिवाय लाकूड खरखरीत, त्याला माती चिकटते, मग मातीवर माती घासत जाते. कडक रानात नांगराला तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका शेतकऱ्याकडे कुठून असणार? मग शेजाऱ्यांकडून मागून आणायचे, त्यांच्या रानात आपले पाठवायचे आणि मृग तोंडावर आला तरी आपली पाळी यायची वाट बघायची. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याची जमीन तशीच राहायची.

आता माझा तोंडी परीक्षेतला प्रश्न पुन्हा घेऊ. भंगारवाल्यानं मागे एकदा आबांच्या नांगराचं वजन केलं होतं, ते चाळीस किलोच्या आसपास भरलं. बैल चालतात सेकंदाला सुमारे 80 सेंटिमीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटरच्या आतबाहेर. थांबलेल्या नांगराला एका सेकंदात हा वेग द्यायचा तर लागणारं बल 32 न्यूटन, म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन किलोचा ओढा. लहान मुलगाही देईल! पुढे तर वेग बदलतच नाही, म्हणजे त्वरण शून्य आणि नांगरावरचं एकूण बलही शून्य. मग बैलांच्या तोंडाला फेस का येतो?

कारण बैल नांगराला गती देण्यासाठी ओढतच नाहीत. ते ओढतात विरोधाशी बरोबरी करायला. भारी, चिकण जमीन कापायला तासाच्या दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास ओढा लागतो असं धरतात. तास 20 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर खोल असेल तर 300 चौरस सेंटिमीटर झाले, म्हणजे सुमारे 150 किलोचा ओढा. यात माती कापणं, उचलणं आणि नांगराच्या अंगावर माती घासणं सगळं आलं. बैल दिवसभर टिकून स्वतःच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा ओढा देतो. दोन बैलांचं वजन 800 किलो धरलं तर एका जोडीचा ओढा 80 किलो. म्हणजे 150 साठी दोन जोड्या लागल्या. पुढे वेग तोच राहिला तर पुढचं बल आणि मागचं बल सारखं, हिशोब शून्य. हे एवढं साधं उत्तर मला देता आलं नव्हतं.

आणखी एक हिशोब आबांना करून दाखवला तेव्हा ते खूश झाले. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. 20 सेंटिमीटरच्या तासानं तो नांगरायचा तर बैलांना आणि माणसाला वीस किलोमीटर चालावं लागतं! एका एकरात वीस किलोमीटर, आणि तेही 150 किलोचा ओढा लावून. हे काम विजेच्या भाषेत आठ युनिटच्या वर जातं. विरोध नुसता पाचव्या हिश्शानं कमी केला तरी चार किलोमीटर कमी ओढल्यासारखं झालं. नांगराचं वजन दोन-चार किलो इकडे-तिकडे झालं तर त्यापुढे काहीच नाही.

म्हणजे बिकट रानाला दोन उत्तरं आहेत. एक, बैल वाढवा. दोन, विरोध कमी करा. पहिलं उत्तर सगळ्यांना येत होतं. दुसऱ्या उत्तरासाठी लोखंडाचा नांगर लागत होता.

परदेशात हा विचार आधी झालेला होता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी 1803 मध्ये बिडाच्या फाळाचं पेटंट घेतलं. ओतताना फाळाची खालची बाजू लवकर थंड केली की ती जास्त कडक होते. मग वरची मऊ बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते. अमेरिकेत इलिनॉयच्या चिकट मातीत जॉन डिअर नावाच्या लोहारानं 1837 मध्ये करवतीच्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर केला, म्हणजे माती न चिकटता घसरून पडावी. घर्षणाचा गुणांक आपण पुस्तकात म्यू म्हणून शिकतो. या लोकांनी तो भट्टीत कमी केला!

असे परदेशी लोखंडी नांगर आपल्याकडे येत होते, पण ते महाग आणि त्यांचा सुटा भाग मिळणं कठीण. लक्ष्मणरावांनी ठरवलं की नांगर इथेच बनवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. टोकाला कडक फाळ आणि मागे माती उलटी करणारा वाकडा पंख. माती एकदाच कापली जाऊन पालथी पडायची, तण खाली गाडलं जायचं आणि पंखाला माती कमी चिकटायची.

आणि नांगर खपेना!

शेतकऱ्यांची पक्की समजूत होती की लोखंड जमिनीत फिरवलं तर जमिनीला विष लागतं. नांगर तयार, काम चोख, आणि घ्यायला कोणी नाही. सुरुवातीचे नांगर खपायला तब्बल दोन वर्षं गेली. आपण कॉलेजच्या प्रोजेक्टला दोन आठवड्यांत कंटाळतो.

इथे मला वाटतं लक्ष्मणरावांनी यंत्रातलं शहाणपण माणसांना लावलं. समोरचा माणूस अडाणी आहे, म्हणून जोर लावून बोललं, रागावलं तर तो हलेल, असा हिशोब त्यांनी केला नाही. तो म्हणजे बैल वाढवण्याचा प्रकार झाला. शेतकऱ्याच्या शंकेत तथ्यही होतंच ना. नांगर मोडला तर नुकसान कोणाचं? जमीन बिघडली तर पोरं काय खाणार? गावच्या सुताराकडून लाकडी नांगर दुरुस्त होतो, लोखंडी नांगराचं काय? या शंका म्हणजे घर्षणच, पण टायर आणि रस्त्यामधलं. त्याच्यावर पकड घेऊनच पुढे जाता येतं. तास पडलेलं, माती पालथी झालेली शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहिली की शंका एकेक करून गळत गेली. एकानं घेतला, त्याचं पीक शेजाऱ्यानं पाहिलं, मग शेजाऱ्यानं घेतला. जड चाक फिरायला वेळ लागतो, पण एकदा फिरलं की फिरलं.

धंदा जरा मार्गाला लागतोय तोवर दुसरं संकट. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना उठवावा लागला. आमचे आबा हे ऐकताना गप्प बसले. उठवलं जाणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं माहीत आहे.

लक्ष्मणरावांच्या मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध संस्थान लहान, पण राजा कलेचा आणि कर्तबगारीचा चाहता. औंधला सभामंडप बांधायचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलेलं होतं, त्यातून माणूस पारखलेला होता. त्यांनी कारखान्यासाठी बिनव्याजी दहा हजार रुपये दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जागा दिली.

जागा कसली, माळरानच! निवडुंगाचं रान, पाण्याची वानवा आणि नागांचा सुळसुळाट. 1910 मध्ये लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे उतरले. रामूअण्णा होते, शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे जिवाभावाचे सोबती होते. आधी निवडुंग तोडला, मग घरं आणि छपरं उभी केली, मग भट्टी पेटली. त्या माळाचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. आज सांगली जिल्ह्यात पुण्याहून मिरजेकडे जाताना या नावाचं स्टेशन लागतं. कुंडल रोडचंच नाव पुढे बदललं.

या वाडीत लक्ष्मणरावांनी एक गोष्ट पहिल्यापासून ठरवून टाकली. इथे शिवाशिव पाळायची नाही. ज्या काळात पाणवठे वेगळे होते त्या काळात हा नियम! दुसरी गोष्ट ऐकून तर मी थक्क झाले. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याला ठेवलं. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही त्यांच्या हातात राखण दिली. माणसामाणसांत जे घासतं, त्यात किती शक्ती फुकट जाते, हे त्यांना दिसत होतं असं मला वाटतं. कारखान्याच्या बेअरिंगला वंगण द्यायचं आणि माणसं तशीच कोरडी घासू द्यायची, हे त्यांना पटलं नसतं.

पुढे नांगराबरोबर चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पंप असा माल वाडीतून बाहेर पडू लागला. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू झालं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. कारखान्याची माहिती देता देता ते वाढत गेलं आणि पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरांत गेलं. त्याच्या पाठोपाठ 1930 मध्ये स्त्री आणि 1934 मध्ये मनोहर ही मासिकंही निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी मासिकं निघावीत हे मला फार भारी वाटतं. आपलं हे वार्षिकसुद्धा इंजिनिअरिंग कॉलेजातूनच निघतं की!

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून 1926 मध्ये परत आला आणि कामाला लागला. नंतर लेथ, विजेच्या मोटारी, डिझेल इंजिनं, असा पसारा हरिहर, बंगळूर, पुणे असा वाढत गेला. तो इतिहास मोठा आहे, त्यात शिरत नाही. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडलेल्या मुलानं सत्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात एका माळरानाचं गाव केलं होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज शेतीचे जाणकार म्हणतात की गरज नसताना दरवर्षी खोल नांगरट करू नये, माती वाहून जाते, तिचा कस कमी होतो. काही शेतकरी तर नांगरणीच बंद करून पिकं घेतायत. मग लक्ष्मणराव चुकले का? मला तसं वाटत नाही. हरळी-कुंद्यानं भरलेल्या रानात, बैल नसलेल्या शेतकऱ्यासाठी तेव्हा जे हवं होतं ते त्यांनी केलं. आजचा प्रश्न आजच्या इंजिनिअरनं सोडवायचा. कदाचित तो आपल्यापैकीच कोणीतरी असेल.

आता माझी गोष्ट पूर्ण करते. पैठणला आठ दिवस राहिले. आबांनी मला केटीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त एका संध्याकाळी नांगर उभा करून साखळी कुठे अडकवायची ते दाखवलं. साखळी एक भोक वर घेतली की फाळ खोल जातो, खाली घेतली की उथळ चालतो. बलाची दिशा बदलली की काम बदलतं! बल तेवढंच, बैल तेच. आबा चौथी शिकलेत आणि मी त्यांच्यासमोर बलाचे घटक पाडायला पहिल्यांदा नीट शिकले.

मग लक्षात आलं की मीही बैलच वाढवत होते. रात्री तीन-तीनपर्यंत जागरण, चार-चार गाईड्स, झेरॉक्सचे गठ्ठे. अडत होतं दुसरीकडेच. न समजलेलं विचारायची लाज वाटत होती, आपण कॉन्व्हेंटवाले म्हणून हुशारच असणार या समजुतीची माती पंखाला चिकटली होती. ती खरवडून टाकली. परत आले, सरांकडे जाऊन पहिल्या धड्यापासून विचारलं, शेजारच्या खोलीतल्या गावाकडच्या मैत्रिणीकडून समजून घेतलं. पेपर सुटला. काही फार मोठे मार्क नाहीत मिळाले, पण सुटला.

या वर्षी होस्टेलवर ज्यांना केटी लागली असेल त्यांना एवढंच सांगते. जोर वाढवायच्या आधी बघा, घासतंय कुठे. आणि सगळंच घर्षण वाईट नसतं. ते बैलाच्या खुराखाली नसेल तर बैल घसरून पडेल आणि नांगर जागचा हलणार नाही. ते कुठे ठेवायचं आणि कुठे काढायचं, हेच तर आपण शिकायला आलोय.

भंगारवाला अजूनही अधूनमधून येतो. नांगराचा किलोचा भाव सांगतो. आबा ऐकून घेतात, त्याला चहा पाजतात आणि रिकाम्या हातानं परत पाठवतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी